फोटो हीही व्यापाराची वहीच
नमुन्यांच्या फोटोंची हिफाजत कशी करावी?

कापडाच्या व्यापारात पूर्वी नमुना म्हणजे कापडाचा वीतभर तुकडा असे. थानातून तो कापायचा, लॉट नंबरची चिठ्ठी टाचायची आणि जाड वहीत चिकटवून ठेवायचा. ही वही गल्ल्याइतकीच जपली जाई. आज ती वही मोबाइलमध्ये गेली आहे. मालेगावची साडी असो, सोलापूरची चादर असो की भिवंडीचे कापड असो, परगावचे गिऱ्हाईक आधी फोटो मागते आणि मग भाव विचारते. वही मोबाइलमध्ये गेली, पण वहीची जपणूक मात्र मागेच राहिली. म्हणून या लेखात आपण फोटोंच्या हिफाजतीचा विचार करू.

यात धोक्यात काय आहे?

फोटो म्हणजे फक्त चित्र नव्हे. तीन वर्षांपूर्वीचाच काठ पुन्हा हवा असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा तो फोटोच कामाला येतो. मालात दोष निघाला तर रवाना करतानाचा फोटो साक्ष देतो. बिले व चलने यांचे फोटोही आपण काढून ठेवतो. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाचे कागद सांभाळावे लागतात. मूळ कागद तर जपायचाच, पण पुसट झालेल्या पावतीचा स्पष्ट फोटो वेळेला मोठा आधार देतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या मोबाइलमधल्या अनेक नक्ष्या आपल्या नसतातच. त्या विणकराच्या, भरतकाम करणाऱ्याच्या, छपाईवाल्याच्या असतात. माल विकला गेला की कारीगराजवळ त्या कसबाची खूण उरत नाही. ती व्यापाऱ्याच्या फोटोत असते. अशा वेळी तो फोटो म्हणजे दुसऱ्याची अमानतच ठरते. तो गमावला तर नुकसान एकट्या व्यापाऱ्याचे होत नाही.

विणकामाच्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील ल्योन शहरात जोसेफ मारी जकार्ड याने भोकांच्या कार्डांवर चालणारा माग सिद्ध केला. पुढे १८३९ मध्ये त्याचेच चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. कार्ड झिजले तर आलेखावरून नवे पाडता येई. म्हणजे आलेख एक प्रत आणि कार्ड दुसरी प्रत. दुसरी प्रत ठेवण्याची ही रीत आपल्या मागवाल्यांना चांगली ठाऊक आहे. तीच आता फोटोंना लावायची आहे.

फोटो जातात कसे?

१. यंत्र बिघडते. हार्डडिस्कमध्ये फिरणारे भाग असतात आणि ते कधीतरी थांबतातच. हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपले आकडे २०१३ पासून जाहीर करते. त्यानुसार अलीकडच्या वर्षांत दरसाल साधारण दीड टक्का डिस्क बंद पडल्या, आणि त्याही थंड व स्वच्छ खोलीतल्या. आपल्या गोदामात तर उष्णता, कापसाची धूळ आणि विजेचे चढउतार असतात.

२. पाणी आणि आग. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर भागात महापूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी कपाटातली मूळ डिस्क आणि शेजारीच ठेवलेली तिची नक्कल, दोन्ही एकदमच जातात.

३. हाताची चूक. जागा करण्यासाठी मुलाने किंवा नोकराने फोटो पुसले आणि त्यात कामाचेही गेले, हे नेहमी घडते.

४. खंडणीचा व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दीडशेहून अधिक देशांत दोन लाखांवर संगणक कुलूपबंद केले आणि पैसे मागितले. असा व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाही कुलूप लावू शकतो.

५. खात्याची चावी हरवते. ज्या नंबरवर खाते उघडले तो बंद झाला, आणि पासवर्ड फक्त काम सोडून गेलेल्या माणसाला माहीत होता, तर फोटो शाबूत असूनही आपल्या हाती येत नाहीत.

तीन, दोन, एक

या पाचही संकटांवर एक सोपा नियम आहे. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो आपल्या पुस्तकातून लोकांपुढे मांडला. तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

दुकानदाराने हे असे करावे. पहिली प्रत दुकानाच्या संगणकात. दुसरी प्रत बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर. काम झाले की ही डिस्क काढून कपाटात ठेवावी, कारण सतत जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत सापडते. तिसरी प्रत क्लाऊडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील कंपनीच्या साठ्यात. इंटरनेट मंद असेल तर आणखी एक डिस्क घ्यावी आणि ती दुकानात न ठेवता घरी किंवा दुसऱ्या गावच्या भावाकडे ठेवावी. दुकानाच्या वरच घर असेल तर मात्र ती दुसरी जागा म्हणता येणार नाही. आग लागली तर दोन्हीकडे पोहोचते.

मोबाइल ही प्रत धरू नये. तो पडतो, भिजतो, चोरीला जातो. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड माल इकडून तिकडे नेण्याच्या हातगाडीसारखे आहेत. हातगाडीला कोणी गोदाम म्हणत नाही. वर्षानुवर्षे वापरावाचून पडून राहिल्यास त्यांतील माहिती जाऊ शकते.

जागेचा हिशेब

व्यापाऱ्याला आकड्यांत सांगितलेले लवकर पटते. साध्या मोबाइलचा एक फोटो सुमारे ४ एमबीचा धरू. दिवसाला १० फोटो, वर्षाला कामाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ३,००० आणि दहा वर्षांत ३०,००० फोटो. त्यांना जागा लागेल सुमारे १२० जीबी. १ टीबीच्या डिस्कवर असे अडीच लाख फोटो मावतात. म्हणजे दहा वर्षांचा धंदा तळहाताएवढ्या पेटीत राहतो आणि जागाही उरते.

गुगलच्या मोफत खात्यात मिळतात १५ जीबी, तेही मेल, ड्राइव्ह व फोटो या सर्वांना मिळून. त्यात जेमतेम पावणेचार हजार फोटो बसतील. गुगल फोटोजमध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद व मोफत ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. म्हणून मोठा संग्रह क्लाऊडमध्ये ठेवायचा तर भाडे द्यावे लागेल, हे आधीच धरून चालावे. वेळेचाही हिशेब करावा. १० एमबीपीएस वेगाने १२० जीबी चढवायला न थांबता २६ ते २७ तास लागतात. ते काम रात्री टप्प्याटप्प्याने करावे.

क्लाऊडबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट अशी की मोबाइल आणि क्लाऊड एकमेकांना जोडलेले असतात. गुगल फोटोजच्या ॲपमध्ये फोटो पुसला तर तो दोन्हीकडून पुसला जातो. चढवलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, त्यानंतर कायमचा जातो. म्हणून जोडणी म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. पुसल्यानंतरही जी शिल्लक राहते तिलाच खरी प्रत म्हणावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठी कंपनीही माल हरवू शकते. मायस्पेस या एकेकाळच्या जगप्रसिद्ध संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केले की साठा एका जागेवरून दुसरीकडे हलवताना २०१५ पर्यंतची गाणी, फोटो व चित्रफिती नष्ट झाल्या. ज्यांच्याजवळ घरची प्रत होती तेच वाचले. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते. तेव्हा क्लाऊड ही तिसरी प्रत आहे. तिला एकमेव प्रत कधीही करू नये.

खात्याला दुकानाचा कायम चालू राहणारा नंबर द्यावा. पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा, आणि आपल्या पश्चात तो कोणाला सापडेल हे घरातील एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावे.

व्हॉट्सॲपवर भिस्त नको

"सगळे फोटो व्हॉट्सॲपवर आहेतच" असे अनेक व्यापारी बंधू म्हणतात. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो दाबून लहान करते. पडद्यावर तो चांगला दिसतो, पण विणीचा धागा, काठाची बुट्टी, रंगाची खरी छटा त्यात राहत नाही. त्यावरून पुन्हा आलेख काढायचा तर कारीगर अडतो. कारीगराला किंवा छपाईवाल्याला फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा जातो. क्लाऊडमध्येही नमुन्यांसाठी मूळ दर्जाच निवडावा.

इथे एक कायद्याची बाबही ध्यानात घ्यावी. डिझाइन कायदा २००० प्रमाणे नवीन नक्षीची नोंदणी केल्यास १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. पण नोंदणीच्या अर्जापूर्वीच ती नक्षी लोकांसमोर आली असेल तर नोंदणी मिळत नाही. म्हणून नव्या नक्षीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि अर्ज होईपर्यंत कोणत्याही ग्रुपवर टाकू नयेत.

नावे आणि मांडणी

तीन प्रती ठेवल्या, पण हवा तो फोटो सापडत नसेल तर उपयोग काय? गोदामात जसा लॉट लावतो तसे फोटो लावावेत. वर्षाचे एक फोल्डर, त्यात महिन्याचे आणि त्यात मालाचे. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ, '२०२४-०८-१२ साडी लॉट ४१७ विणकर ६'. असे लिहिले की फोटो आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. विणकराचा क्रमांकही त्यात राहिला की पुढे कसब कोणाचे, याबद्दल वाद होत नाही.

घरचे फोटो आणि दुकानाचे फोटो कधीही एकत्र ठेवू नयेत. दुकानाचा फोन दहा हातांत फिरतो. घरातील स्त्रिया व मुलांचे फोटो त्यात असणे योग्य नाही. शक्य असल्यास दुकानाचा फोन वेगळा ठेवावा आणि बाहेर नेण्याच्या डिस्कला पासवर्ड लावावा.

तपासणी हेच खरे कुलूप

नक्कल केली म्हणजे काम संपले, असे नाही. ती उघडते का, हे पाहावे लागते. १९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकन चित्रपट कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बऱ्याचशा फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. सुरक्षित प्रत काढण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालतच नव्हती. हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण कोणी तपासलेच नव्हते. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. तिच्यावरून चित्रपट वाचला आणि १९९९ मध्ये प्रदर्शित झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला घरातली प्रत कामाला आली, यातच सर्व धडा आहे.

तपासणी सोपी आहे. मूळ फोल्डरमधील फोटोंची संख्या व एकूण जागा पाहावी आणि प्रतीत तीच येते का ते ताडून पाहावे. मग वेगवेगळ्या महिन्यांतील दहा-बारा फोटो उघडून पाहावेत. डिस्क ओढून काढू नये, संगणकाला सांगून मगच काढावी. चुकून कार्डवरील फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नये. जागा पुन्हा लिहिली गेली नसेल तर जाणकार ते परत मिळवू शकतो. आणि डिस्क चालू स्थितीत असतानाच, चार-पाच वर्षांनी, तिच्यावरील माल नव्या डिस्कवर न्यावा.

वेळापत्रक

रोज संध्याकाळी गल्ला मिटवताना दिवसाचे फोटो संगणकात घ्यावेत. दर आठवड्याला डिस्क जोडून नक्कल करावी व काढून ठेवावी. दर महिन्याला बाहेरगावची किंवा घरची डिस्क बदलावी. वर्षातून एकदा सर्व प्रती उघडून तपासाव्यात. त्यासाठी ३१ मार्च हा दिवस योग्य आहे. २०११ पासून जगभर हाच दिवस सुरक्षित प्रतींचा दिवस म्हणून पाळला जातो आणि आपला हिशेबही त्याच दिवशी मिटतो. एका हाताने खातेवही बंद करावी, दुसऱ्या हाताने फोटोंची वही तपासावी.

यासाठी लागणाऱ्या दोन डिस्कची किंमत एका बुडालेल्या लॉटपेक्षा नक्कीच कमी आहे. ज्या बंधूंना संगणकाचे काम जमत नाही, त्यांनी घरातील शिकलेल्या मुला-मुलीवर ही जिम्मेदारी सोपवावी. मात्र तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी. मुनीम कितीही हुशार असला तरी वही मालकाने पाहावीच लागते.