आबांच्या उशाशी

माण तालुक्यातले एक गाव. ज्वारीची काढणी चालली होती. सकाळी आठच्या सुमाराला आबा गोठ्यात धार काढत होते. एकाएकी त्यांच्या हातातली चरवी सुटली. दूध सांडले. आवाज ऐकून सून धावली. पाहते तर आबा भिंतीला कलले आहेत. तोंड एका बाजूला ओढले आहे. उजवा हात लुळा पडला आहे. बोलायला जातात, पण शब्द फुटत नाही. तेवढ्यात त्यांना वांती झाली.

शेजारी गोळा झाले. कोणी म्हणाले, "अंगावरनं वारं गेलं." एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसरा म्हणाला, "लकव्याचं औषध देणारा एक माणूस आहे, तिकडंच न्या." अशा वेळी गावात शहाण्यांना तोटा नसतो!

सुनेने कोणाचे ऐकले नाही. तिने १०८ नंबरला फोन लावला. आबांना कुशीवर निजवले, म्हणजे वांती घशात अडकायची नाही. पाणी पाजू दिले नाही. ती दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिने वही काढली आणि लिहिले : "सकाळी ८. तोंड वाकडे. उजवा हात गेला."

साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "हे कधी झालं? त्याआधी चांगले कधी पाहिले होते?" सुनेने वही पुढे केली.

वेळ का विचारतात, ते समजून घ्या. लकवा दोन तऱ्हांनी होतो. कधी मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तर कधी ती वाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत साचते. वरून दोन्ही सारखेच दिसतात. सिटी स्कॅन नावाच्या यंत्राने डोक्याचा फोटो काढला म्हणजे फरक कळतो. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन देतात. ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण नस फुटली असताना तेच इंजेक्शन दिले, तर रक्त आणखी वाहील. म्हणून घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये.

आबांची नस फुटली होती. रक्तदाब २१० निघाला. तीन वर्षांपूर्वी त्यांना दाबाच्या गोळ्या दिल्या होत्या. चार महिने घेतल्या, बरे वाटले, सोडून दिल्या. दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, तिथेच माणूस फसतो.

थोरल्या मुलाने विचारले, "बाई, आबा वाचतील ना?"

बाई म्हणाल्या, "आज सांगता येणार नाही. मेंदूला सूज येते. पहिले काही दिवस जोखमीचे. आता ऑपरेशनची गरज नाही. पण गुंगी वाढली तर करावं लागेल. हा कागद वाचा आणि सही करा."

थोरल्याने अंगठा पुढे केला. सून म्हणाली, "अवं, थांबा. आधी वाचू." बोट ठेवून तिने सगळा कागद मोठ्याने वाचला. वेळ लागला. मग दोघांनी विचारले, "ऑपरेशन केलं तर काय होईल? नाही केलं तर काय? वाचले तर कसे राहतील?" बाईंनी नीट सांगितले. जीव वाचेल, पण हात आणि वाचा परत येईलच असे नाही. हे ऐकणे सोपे नव्हते. थोरला बाहेर जाऊन रडला. परत आला आणि सही केली. अंगठा नव्हे, सही.

खर्चाची चिंता होतीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्या योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. सुनेने रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत आणले होते. ते पहिल्याच दिवशी त्यांना दाखवले.

तिसऱ्या दिवशी गावाहून आत्या आल्या. आबांच्या थोरल्या बहीण. पदरात पंढरपूरचे तीर्थ. भावाला पाहून त्यांना हुंदका आवरेना. म्हणाल्या, "तीन दिस त्याच्या तोंडात थेंब नाही. एक चमचा घालते."

आता काय करावे? वडीलधारे माणूस. देवाचे तीर्थ. आणि मनात भीती, की हा शेवटचाच थेंब असेल.

सून आडवी गेली. "आत्या, पाया पडते, पण तोंडात घालू नका. आबांचा घसा अजून काम करत नाही. पाणी छातीत उतरेल. मग छाती भरून ताप येतो. त्यानंच माणूस जातो. सिस्टरनी नाकातनं नळी घातली आहे, तिच्यातनं पोटाला मिळतं. तीर्थ कपाळाला लावा."

आत्या रागावल्या. कोपऱ्यात जाऊन बसल्या. मग उठल्या आणि थरथरत्या बोटाने तीर्थ कपाळाला लावले. आबांनी डोळे उघडले. डाव्या हाताने बहिणीचे मनगट धरले.

ध्यानात ठेवा, वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे. आबांना पुष्कळ कळत होते. म्हणून त्यांच्यासमोर "आता कशाचं काय" असले बोलायचे नाही, हे सुनेने साऱ्यांना बजावले. ती समोर बसून एकेक गोष्ट विचारी. "आबा, दुखतंय का? हो असेल तर हात दाबा." मग वाट पाही. घाई केली की आबा चिडत, कधी उगाच रडत. तेही दुखण्यातलेच असते.

दर दोन तासांनी सिस्टरच्या मदतीने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. त्या हाताखाली उशी ठेवायची. कधी कूस बदलली, ते वहीत लिहायचे. रात्री थोरला, दिवसा सून, दुपारी धाकटा. चौथ्या दिवशी थोरला न जेवता, न झोपता उभा राहिला आणि घेरी येऊन पडला. मग पाळ्या ठरल्या, त्या अशा.

सूज उतरली. ऑपरेशन लागले नाही. बाराव्या दिवशी सिस्टरने घसा तपासला आणि पहिला घास पातळ खिमटीचा दिला. बसवून, थोडा थोडा.

आता आबा घरी आहेत. काठी टेकून अंगणापर्यंत जातात. उजवा हात अजून वळत नाही. शब्द चुकतात. म्हशीला "काठी" म्हणतात आणि स्वतःच हसतात. गोळ्यांचा डबा देवळीत आहे. आरोग्य उपकेंद्रात दाब मोजायला जातात. गेल्या महिन्यात आत्याही सोबत गेल्या. त्यांचा दाब १७० निघाला. त्यांनाही गोळ्या दिल्या आहेत.

आत्या म्हणतात, "मला काय झालंय?"

आबाही असेच म्हणत होते.