मेंदूला मार लागल्यावर: खर्च डिस्चार्जनंतरही चालूच राहतो

डोक्याचे ऑपरेशन झाले, पेशंट बोलू लागला, की घरचे म्हणतात, ‘मोठा खर्च आटोपला.’ तसे नसते. हॉस्पिटलच्या बिलाला थोडाफार आधार मिळतो. रस्ते अपघातातल्या जखमीला केंद्राच्या 2025 च्या कॅशलेस योजनेत पहिल्या 7 दिवसांसाठी दीड लाखापर्यंत उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होतानाच हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

खरी ओढाताण पुढे होते. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे एका वेळचे 500 रुपये धरले, तरी आठवड्याला पाच दिवसांप्रमाणे महिन्याला अकरा हजारांच्या आसपास जातात. स्पीच थेरपी, डायपर, एअर बेड, ब्यूरोची आया हे सगळे वेगळे. आणि हे अनेक महिने चालते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचे काम चालते. खासगीत पैसे ओतण्याआधी तिथे चौकशी करा.

हातपाय चालतात, पण माणूस चिडतो, विसरतो, सांगितल्याशिवाय काहीच सुरू करत नाही. हा आळस नाही की हट्ट नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की असे होते. अशा माणसापाशी कुणीतरी बसावेच लागते, म्हणजे घरातला एक पगार जातो. म्हणून स्मरण, लक्ष, वागणूक यांची मानसशास्त्रीय तपासणी करून लेखी अहवाल घ्या. तो नसेल तर भरपाई मागताना हे नुकसान सिद्ध करणे अवघड जाते.

मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्जाची मुदत कायद्याने अपघातापासून सहा महिने आहे. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, आयाच्या पगाराच्या पावत्या, सगळे पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावा. डोक्याला गंभीर इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये केवळ सांभाळणाऱ्यांच्या खर्चापोटी 21 लाख 60 हजार रुपये धरले होते. तेव्हा ही मागणी करताना संकोच नको.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची दुखापत स्वतंत्र नाही. चालणे, बोलणे, मानसिक स्थिती यांवरून टक्केवारी ठरते. बऱ्याच सवलतींना 40 टक्के लागतात, त्यामुळे दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे फक्त पाय दाखवून परत येऊ नका; तो मानसशास्त्रीय अहवालही पुढे करा.