चिंधी, चीवर आणि गालिचा

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आला आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर आयुष्मान आनंद कोसंबीला गेले असता उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे उत्तरासंग, म्हणजे अंगावर घ्यावयाची वस्त्रे, दान दिली. राजाला हे कळताच तो चिडला. इतकी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे? तो स्वतःच आनंदांकडे गेला आणि त्याने हिशेब विचारावयास सुरुवात केली.

ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे अंथरुणावरचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? त्यांच्या गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणी. जुन्या अंथरणीचे? पादपुंछनी. जुन्या पादपुंछनीचे? धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही विरली म्हणजे? त्यांचे तुकडे करून चिखलात कालवू आणि त्याने जमीन सारवू. राजाचा राग मावळला. त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

पाली भाषेतील 'पादपुंछनी' हा शब्द वाचताच आपल्या उंबऱ्यातले पायपुसणे डोळ्यांसमोर येते. अडीच हजार वर्षांत वस्तू बदलली नाही आणि नावही फारसे बदलले नाही. एका राजाने विचारलेला हिशेब सात प्रश्नोत्तरांत पुरा झाला आणि त्यात एक धागासुद्धा वाया गेला नाही. बँकेत खतावणीवर आयुष्य काढणाऱ्या मला तर हा सगळ्या त्रिपिटकातला सर्वांत चोख ताळेबंद वाटतो.

हे सांगण्याचे निमित्त असे की, आपल्या संस्थेच्या शिवणवर्गात चिंध्यांपासून गालिचे व पायपुसणी विणण्याचा वर्ग सुरू करावा अशी सूचना काही भगिनींनी केली. त्यावर एका ज्येष्ठ उपासकांनी उभे राहून विचारले, "आपल्या लेकीबाळींच्या हातात पुन्हा चिंध्याच द्यायच्या का?" सभा गप्प झाली. प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून त्याचा आणि त्या हस्तकलेचाही थोडा अभ्यास येथे मांडीत आहे.

ज्येष्ठांच्या प्रश्नामागे इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक आहे. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' म्हणून मोजला जाई. हक्क कसला, ती खूण होती. लांबून येणारा माणूस कोण हे कापडावरून ओळखू यावे म्हणून केलेली व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांना जो उपदेश केला त्यात कपड्यांचा विषय मुद्दाम होता. लुगडे नेसण्याची जुनी धाटणी सोडा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ ठेवा, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे आक्षेप ठिगळाला नव्हता. दुसऱ्याने आपल्यावर लादलेल्या ठिगळाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर लोक पांढरी शुभ्र वस्त्रे नेसून गेले त्याचा अर्थही आपल्या आजी-आजोबांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. भिक्खूसंघ आरंभी पांसुकूल चीवर वापरीत असे. म्हणजे उकिरड्यावर, वाटेवर, स्मशानात टाकलेली कापडे वेचून, धुऊन, रंगवून, जोडून केलेले वस्त्र. पुढे वैद्य जीवकाच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची मोकळीक मिळाली. तरीही नवे कापडसुद्धा कापूनच जोडावयाचे, हा नियम राहिला. मगध देशातील भातखाचरे आणि त्यांचे बांध दाखवून भगवंतांनी आनंदांना तशी आखणी करावयास सांगितली आणि आनंदांनी ती केली. कापलेल्या वस्त्राला बाजारात किंमत येत नाही, त्यामुळे चोराचा डोळा त्यावर जात नाही, हाही त्यातला व्यवहार. महाकस्सपांनी आपली मऊ संघाटी भगवंतांना दिली आणि त्यांची जाडीभरडी तागाची पांसुकूल वस्त्रे स्वतः घेतली, त्यांना तो आयुष्यभराचा सन्मान वाटला. स्मशानातले कापड तेच. एकाच्या अंगावर ते कायद्याने चढविले, दुसऱ्याने ते राजवाडा सोडून आपखुशीने घेतले. विद्यार्थी मित्रांनी परीक्षेसाठी नव्हे तर स्वतःसाठी हा फरक नीट लिहून काढावा.

मात्र आपल्या भगिनी भिक्खुणी नाहीत. त्यांना संसार चालवायचा आहे. म्हणून प्रश्न उरतो तो पैशाचा आणि नावाचा. त्यासाठी थोडे परदेशात जाऊ या, कारण ज्या पद्धतीचा गालिचा वर्गात शिकवावयाचा आहे तो तिकडचा आहे.

गोणपाट चौकटीवर ताणून, आकड्याने खालून चिंधीचे टाके वर ओढून काढायचे आणि त्यांनी सगळा पृष्ठभाग भरून टाकायचा, ही कला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि शेजारच्या कॅनडाच्या समुद्रकाठच्या प्रांतांत वाढली. विकतचे गालिचे श्रीमंतांचे. कोळ्यांच्या व लहान शेतकऱ्यांच्या घरात लाकडी जमीन बर्फासारखी थंड. जुने कोट, घोंगड्या, घागरे यांच्या पट्ट्या कापून बायका पायाखाली ऊब करीत. त्याला लागणारे गोणपाट कोठले? आपल्याच बंगालच्या तागाचे. तो ताग स्कॉटलंडमध्ये डंडीच्या गिरण्यांत आणि १८५५ पासून हुगळीकाठच्या गिरण्यांतही विणला जाऊ लागला, आणि धान्याची पोती बनून जगभर गेला. पोते रिकामे झाले की ते या बायकांच्या हाती येई. गोणपाटाची वीण उघडी व चौकोनी असते, आकडा धागा न तोडता आरपार जातो. घट्ट विणीच्या कापडात हे काम जमत नाही. बंगालच्या शेतमजुराने गुडघाभर पाण्यात कुजविलेला ताग उत्तर अटलांटिकच्या काठावरील कोळिणीच्या घरात गालिच्याची पाठ झाला, पण दोघांना एकमेकांची नावे कळण्याचा संभव नव्हता.

आकडाही साधाच. खिळा वाकवून, कानस मारून, लाकडी मुठीत बसविलेला. अमेरिकेत मेन राज्यातील बिडफर्ड गावचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा फेरीवाला पत्र्याची भांडी विकीत असे. १८६८ च्या सुमारास बायकोचे गालिच्याचे काम पाहून त्याने तिला चांगला आकडा करून दिला, आणि मग गोणपाटावर नक्षी छापण्यासाठी पत्र्याचे साचे कापले. बायकांना चित्र काढता येत नाही म्हणून काम अडते, हे त्याने हेरले. धंदा चालला. फुले, सिंह, कुत्री यांचे त्याचे नमुने घरोघर गेले.

आपल्याला अधिक शिकण्यासारखे आहे ते न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरमध्ये. हा मुलूख तेव्हा कॅनडात नव्हता, तो १९४९ मध्ये सामील झाला. तेथील कोळी वर्षभर व्यापाऱ्याकडून मीठ, पीठ, जाळी उधार घेई आणि हंगामात सगळी मासळी त्यालाच घाली. भाव व्यापारी ठरवी, खाते व्यापारी लिही. कित्येक घरांत रोख पैसा दिसतच नसे. आपल्याकडच्या सावकारीशी हे किती जुळते ते सांगावयास नको. विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज डॉक्टर १८९२ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी दवाखाने काढले. पण औषधाने भूक जात नाही. भीक घालण्यापेक्षा काम द्यावे हे त्यांचे धोरण होते. १९०६ मध्ये जेसी ल्यूथर ही कलाशिक्षिका सेंट अँथनी येथे आली आणि हस्तव्यवसायाचा विभाग उभा राहू लागला. समुद्र गोठल्यावर, मासेमारी बंद असताना, बायका चटया विणीत. मिशनकडून आखलेले गोणपाट व रंगविलेले साहित्य मिळे, काम पाहून मोबदला मिळे. पुढे १९२० च्या दशकात मिशनने अमेरिका, कॅनडा व इंग्लंडमधील स्त्रियांना आवाहन केले की तुमचे उसवलेले रेशमी मोजे टाकू नका, आम्हाला पाठवा. त्या मोज्यांच्या बारीक पट्ट्यांतून पांढरी अस्वले, कुत्र्यांच्या गाड्या, बदके, शिडाची जहाजे उमटली. उत्तम कामात एका चौरस इंचात दोनशे टाके असत.

थोडे गणित करू. दोन फूट बाय तीन फूट चटई म्हणजे ८६४ चौरस इंच. दोनशेने गुणल्यास १,७२,८०० टाके. मिनिटाला वीस टाके धरले तर १४४ तास, म्हणजे रोजच्या आठ तासांचे अठरा दिवस. आणि चटईच्या मागे चिठ्ठी कोणाची? संस्थेची. विणणारीचे नाव बहुधा नाही. त्या चटया आज संग्रहालयांत आहेत. डॉक्टरांच्या कार्याबद्दल आदर ठेवूनही हे नोंदवावेसे वाटते.

नोव्हा स्कोशियातील शेटिकँप या फ्रेंच भाषिक गावात दुसराच धडा मिळतो. १९२० च्या दशकात लिलियन बर्क या कलावतीने तेथील बायकांना मोठे गालिचे, मऊ रंग आणि लोकरी धागा वापरावयास शिकविले व न्यूयॉर्कची बाजारपेठ मिळवून दिली. काही वर्षांनी बायकांना प्रश्न पडला की, न्यूयॉर्कचा भाव आणि आपली मजुरी यांत एवढे अंतर का? १९३० च्या दशकात त्यांच्यातील काही जणी वेगळ्या होऊन स्वतः विकू लागल्या. पुढे गावात त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. याच परिसरातील एलिझाबेथ लफोर्ट (१९१४-२००५) हिने लोकरीतून माणसांचे हुबेहूब चेहरे विणले आणि ती नावानिशी ओळखली गेली. तिच्या नावाचे दालन आज त्या गावात आहे.

आपल्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. कातरण कोणाकडून आणायची, भाव कोण सांगणार, वही कोण लिहिणार आणि मालावर नाव कोणाचे, हे चार निर्णय भगिनींच्या हाती असतील तर वर्ग जरूर काढावा. नसतील तर ज्येष्ठ म्हणतात ते खरे आहे. वस्तीतल्या काही जणी आजही एका व्यापाऱ्यासाठी नगावर पायपुसणी करतात. चिंधी फुकट म्हणून मजुरीही जवळजवळ फुकट, असा त्याचा हिशेब असतो. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली. तेव्हापासून गटाच्या नावाने खाते उघडणे ही काही अवघड गोष्ट राहिलेली नाही. खाते उघडताना दोघी-तिघींच्या सह्या ठेवाव्यात आणि ठराव पतीच्या हस्ताक्षरात नसावा, एवढे काउंटरच्या अलीकडून सांगतो.

आता प्रत्यक्ष कृती. प्लॅस्टिकचे पोते चालत नाही, तागाचेच घ्यावे. ते धुऊन, कडा दुमडून शिवून, लाकडी चौकटीवर ढोलकीच्या पानासारखे ताठ ताणावे. लोकरी कापड मिळाले तर ते गरम पाण्यात चोळून धुवावे; धागे आटून एकमेकांत गुंततात आणि पट्टीची कड सुटत नाही. आपल्याकडे लोकर कमी, म्हणून बनियनच्या होजियरीची कातरण उत्तम. साध्या सुती कापडाची पट्टी जरा रुंद घेऊन दुमडावी. पट्टी पाव इंच रुंद, धाग्याच्या रेषेतच कापलेली असावी. डावा हात गोणपाटाखाली पट्टी धरून, उजव्या हाताने आकडा वरून घालावा आणि पट्टी पाव इंच वर ओढावी. पट्टीचे पहिले व शेवटचे टोक वरच्या बाजूला काढून टाक्यांच्या उंचीइतके कापावे. गाठ कोठेही मारायची नाही. टाके एकमेकांना दाबून धरतात, ताग त्यांना आवळतो. म्हणून विरळ टाके सुटतात. पण प्रत्येक छिद्र भरले तर गालिचा मध्येच फुगून उठतो, अधूनमधून एखादे छिद्र सोडावे. आधी आकृतीची रेषा, मग आतला भाग, मग भोवतालची जमीन. खालच्या बाजूला एक पट्टी दुसरीवरून ओलांडून नेऊ नये, पायाखाली तीच आधी झिजते.

पहिला तुकडा एक फूट चौरस पुरे. नक्षीसाठी फुलापानांच्या पुस्तकामागे लागू नये. चीवरावरील भातखाचरांची आखणी, उभे-आडवे बांध आणि मध्ये चौकोन, नव्या हातालाही सहज जमते. पुरा झाल्यावर कडेला जाड नाडी शिवावी, मागे विणणारीच्या नावाची कापडी चिठ्ठी लावावी. गालिचा पाण्यात बुडवून धुऊ नये, ताग कुजतो. उन्हात उलटा टाकून झटकावा. ठेवताना घडी न घालता नक्षी बाहेर येईल अशी गुंडाळी करावी.