मृत्यूची नोंद आणि मृत्यूचे कारण : एक दुर्लक्षित विषय

जन्म व मृत्यू या घटनांची सरकारदरबारी नोंद होणे ही वरकरणी केवळ कार्यालयीन बाब वाटते. परंतु वारसाहक्क, कुटुंबनिवृत्तिवेतन, विम्याची रक्कम, बँकेतील ठेव, मुलांचा शाळाप्रवेश अशा अनेक गोष्टी एका दाखल्यावर अवलंबून असतात. कोणत्या रोगाच्या निवारणासाठी शासनाने किती तरतूद करावी, हेही बऱ्याच अंशी याच नोंदींवरून ठरते. म्हणून आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर हा विषय थोडक्यात मांडत आहोत.

कायदा आणि त्याची वाटचाल

ब्रिटिश अमदानीतील १८८६ च्या कायद्यात ही नोंदणी ऐच्छिक होती. स्वतंत्र भारतात 'जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९' संमत झाला आणि नोंदणी बंधनकारक ठरली. रुग्णालयात घडलेल्या घटनेची माहिती रुग्णालयाने व घरी घडलेल्या घटनेची माहिती कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत निबंधकास द्यावी, असा नियम आहे. प्रगती संथ असली तरी ती झाली, हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये देशातील अंदाजित जन्मांपैकी ९२.७ टक्के आणि अंदाजित मृत्यूंपैकी ९२ टक्के घटना नोंदल्या गेल्या. जे मृत्यू नोंदीबाहेर राहतात, त्यांत घरी दगावलेली अर्भके व स्त्रिया यांचे प्रमाण अधिक असते. कारण त्यांच्या नावे मालमत्ता वा विमा क्वचितच असतो आणि दाखल्याची निकड कुटुंबाला भासत नाही.

खरी उणीव

संख्येची नोंद होऊ लागली, तरी कारणाची नोंद फार मागे राहिली आहे. २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणास वैद्यकीय प्रमाणपत्राचा आधार होता. उरलेली माणसे कशाने गेली, हे खात्रीपूर्वक सांगता येत नाही. याच वर्षी गोव्यात मात्र नोंदलेल्या सर्व मृत्यूंची कारणे प्रमाणित झाली होती. अर्थात हे काम अशक्य नाही.

जेथे प्रमाणपत्र दिले जाते तेथेही ते पुष्कळदा अपुरे असते. 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असा शेरा आपण नेहमी वाचतो. वस्तुतः हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी थांबते. ते का थांबले, हा प्रश्न आहे. विहित नमुन्यात यासाठी क्रमवार ओळी दिलेल्या असतात. एखाद्या रुग्णाला अनेक वर्षे मधुमेह आहे, त्यामुळे पायाची जखम चिघळली, तिचा संसर्ग रक्तात पसरला आणि मृत्यू ओढवला, असे समजू. पहिल्या ओळीत रक्तातील संसर्ग, दुसऱ्या ओळीत चिघळलेली जखम आणि तिसऱ्या ओळीत मूळ कारण म्हणून मधुमेह लिहिला गेला पाहिजे. केवळ हृदयक्रियेचा उल्लेख झाला, तर मधुमेहाचा हा बळी हिशोबातून निसटतो.

कारणाच्या रकान्याचे महत्त्व कोविडच्या साथीत घरोघरी जाणवले. २०२१ मध्ये मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य ठरले, तेव्हा अनेकांच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेखच नव्हता. केवळ त्या कारणास्तव साहाय्य नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले.

कुटुंबीयांनी घ्यावयाची दक्षता

१. नोंद घटना जेथे घडली तेथील ग्रामपंचायत, नगरपालिका वा महानगरपालिकेत होते, मूळ गावी नव्हे. शहरातील रुग्णालयात निधन झाले असता गावी हेलपाटे घालू नयेत.

२. एकवीस दिवसांची मुदत चुकवू नये. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक असतो.

३. मृत व्यक्तीचे नाव आधारपत्र, बँक व मालमत्तेच्या कागदांशी अक्षरशः जुळते किंवा नाही, हे माहिती देतानाच पाहावे.

४. बाळाचे नाव ठरले नसले तरी जन्माची नोंद थांबवू नये. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क व १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारयादी अशा कामी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो.

५. घरी निधन झाल्यास अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार ते विनामूल्य द्यावयाचे असून त्याची प्रत निकटच्या नातेवाइकास मिळावयास हवी.

रुग्णालयांचे कर्तव्य

रुग्णालयात बहुधा सर्वांत कनिष्ठ डॉक्टर, अपरात्री, पुढचा रुग्ण खोळंबला असताना हा नमुना भरतो. त्याला त्याचे रीतसर शिक्षण मिळावे, वरिष्ठांनी तो तपासावा आणि अभिलेख विभागास पुरेसे मनुष्यबळ असावे, ही धर्मादाय रुग्णालयांची जबाबदारी आहे. देणगीदार नवीन यंत्रसामग्रीसाठी उदार हस्ते साहाय्य करतात, त्याबद्दल सारे ऋणी आहेत. अभिलेखांचे हे कामही त्यांनी तितक्याच आस्थेने आपले मानावे, अशी नम्र विनंती आहे.