स्क्रीन रीडरसाठी स्क्रिप्ट लिहिण्याचा पहिला पाठ

अंध व्यक्ती संगणकावर काम करते ती स्क्रीन रीडरच्या आधाराने. पडद्यावरचा मजकूर, बटणे, रकाने यांची माहिती गोळा करून हा प्रोग्राम ती आवाजातून किंवा ब्रेलमधून सांगतो. परंतु मूळ प्रोग्रामने जे त्याला कळवलेच नाही, ते तो कोठून सांगणार? एखाद्या कचेरीने खास बनवून घेतलेल्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये बटणांवर नुसती चित्रे असतात. त्यांना नावे दिलेली नसतात. डोळस कारकुनाला फ्लॉपीचे चित्र दिसले की 'जतन करा' हे समजते. अंध कारकुनाला मात्र 'बटण', 'बटण', 'बटण' एवढेच ऐकू येते. मग दर वेळी शेजारच्याला हाक मारणे आले, आणि पुढे 'यांना हे काम जमत नाही' असा शेराही बसतो. दोष असतो बिननावाच्या बटणाचा आणि नोकरी धोक्यात येते माणसाची. ते नाव बाहेरून चिकटवण्याचा उपाय म्हणजे स्क्रिप्ट. हे काम केवळ इंजिनिअरांचे आहे असा समज आहे, तो आम्हांला मान्य नाही.

या क्षेत्राचा इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेतील टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतपटू. १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. त्याला स्वतःची स्क्रिप्ट-भाषा आहे आणि मोठमोठ्या कचेऱ्यांत तो आजही चालतो. परंतु तो विकत घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' लिहावयास घेतला आणि त्यांचे तसेच अंध मित्र जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. हा मोफत आहे, त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे, आणि तो मुख्यतः पायथन या भाषेत लिहिलेला आहे. गरीब घरच्या विद्यार्थ्याने येथूनच आरंभ करावा, असे आम्ही सुचवू.

प्रथम तयारी. एनव्हीडीएच्या 'टूल्स' मेनूतून एक पोर्टेबल प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करून घ्यावी आणि सर्व प्रयोग तिच्यावर करावेत. रोजच्या कामाची प्रत शाबूत राहते. त्या प्रतीच्या सेटिंग्जमधील 'ॲडव्हान्स्ड' विभागात 'स्क्रॅचपॅड' फोल्डरमधील कोड चालू देण्याची खूण करावी. तेथेच तो फोल्डर उघडण्याचे बटणही आहे. त्यात 'ॲपमॉड्यूल्स' नावाचा फोल्डर असतो. आपले लेखन तेथे ठेवावयाचे.

पायथनमध्ये ओळीच्या आधीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते. एक टॅब चुकला तरी प्रोग्राम चालत नाही. डोळ्यांनी दिसते ते कानांनी कसे कळणार, ही शंका प्रत्येक नवशिक्याला येते. 'डॉक्युमेंट फॉरमॅटिंग' सेटिंग्जमध्ये ओळीची मोकळी जागा शब्दांत किंवा सुरांत सांगण्याची सोय आहे. सुरांची सोय आम्हांला अधिक आवडते, कारण जागा वाढली की सूर बदलतो आणि वाचन अडत नाही. तसेच इन्सर्ट आणि पी दाबून विरामचिन्हे 'सर्व' वाचली जातील असे करावे; एक कंस किंवा कोलन ऐकू आला नाही तर तासभर वाया जातो.

आता मुख्य गोष्ट. स्क्रिप्ट लिहिणे म्हणजे आधी विचारणे आणि मग लिहिणे. ज्या बटणाचे नाव ऐकू येत नाही त्यावर जाऊन इन्सर्ट आणि एफ १ दाबावे. लॉगची खिडकी उघडते आणि त्या वस्तूची सारी जन्मपत्रिका समोर येते: नाव, भूमिका, स्थिती, खिडकीचा वर्ग, कंट्रोल क्रमांक. नावाचा रकाना रिकामा आहे, पण क्रमांक आहे असे आढळले तर अर्धे काम झाले. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा आणि क्रमांक तोच राहतो का ते पाहावे. बदलत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये. दुसरी खूण शोधावी.

पहिला सराव नोटपॅडवर करावा. फाईलला प्रोग्रामचेच नाव द्यावयाचे, म्हणजे 'नोटपॅड', आणि पुढे पायथनचे 'पीवाय' हे शेपूट. (येथे नावे नागरीत दिली आहेत, फाईलमध्ये ती रोमन अक्षरांत, एनव्हीडीएच्या डेव्हलपर गाईडमध्ये आहेत तशीच लिहावीत.) आत 'ॲपमॉड्यूल हँडलर' आयात करावा, त्यातील ॲपमॉड्यूलवरून आपला वर्ग करावा आणि 'इव्हेंट गेनफोकस' ही क्रिया लिहावी. एखाद्या वस्तूवर फोकस आला की ती चालते. तिच्यात ५५० हर्ट्झची, ५० मिलिसेकंदांची 'बीप' वाजवावी आणि शेवटी 'नेक्स्ट हँडलर'ला हाक मारावी. फाईल जतन करून इन्सर्ट, कंट्रोल आणि एफ ३ दाबले की नवा कोड घेतला जातो. नोटपॅडमध्ये गेल्यावर बीप ऐकू आली की पाठ साधला. मग ती फाईल काढून टाकावी.

ती शेवटची हाक मात्र विसरू नये. तिचा अर्थ 'माझे झाले, आता पुढच्याने आपले काम करावे' असा आहे. ती नसेल तर बीप वाजते, पण स्क्रीन रीडर वस्तूचे नावच सांगत नाही. आवाज अगदीच बंद पडला तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून विंडोजचा नॅरेटर सुरू करावा, त्याच्या मदतीने चुकीची फाईल काढावी आणि एनव्हीडीए पुन्हा चालू करावा. हा उपाय प्रयोगाआधीच पाठ असलेला बरा.

मग खरे काम. हिशेबाच्या प्रोग्रामच्या नावाची फाईल करून तिच्यात 'इव्हेंट एनव्हीडीए-ऑब्जेक्ट इनिट' ही क्रिया लिहावी: वस्तू बटण असेल आणि तिचा कंट्रोल क्रमांक अमुक असेल, तर तिचे नाव 'जतन करा' ठेवावे. एवढ्या तीन-चार ओळी. नाव मराठीत, नागरीत लिहिले तरी चालते. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. ईस्पीक एनजी या एनव्हीडीएसोबतच्या आवाजात मराठी आहेच. उच्चार पुस्तकी वाटतो खरा, पण शब्द कळतो. तीन बटणांना नावे मिळाली की त्या कारकुनाला दिवसभर कोणाला हाक मारावी लागत नाही.

याला मर्यादाही आहेत. काही प्रोग्राम सारा पडदा चित्रासारखा रंगवतात आणि कंट्रोल क्रमांकच काय, काहीच कळवत नाहीत. तेथे इन्सर्ट आणि आर दाबून चित्रातील अक्षरे ओळखून घेता येतात, परंतु तो तात्पुरता आधार झाला. अशा वेळी प्रोग्राम बनवणाऱ्याला लेखी कळवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचा उल्लेख पत्रात जरूर करावा. दुसरे असे की, अनोळखी माणसाने दिलेली स्क्रिप्ट न वाचता चालवू नये. स्क्रीन रीडरला जे कळते ते तिलाही कळते; त्यात पत्रे आली, खात्यांचे आकडे आले.

स्क्रिप्ट उपयोगी ठरली की ती दुसऱ्या कर्मचाऱ्यास देण्यासाठी तिचा 'ॲड-ऑन' बांधता येतो. सोबतच्या मॅनिफेस्ट फाईलमध्ये तो एनव्हीडीएच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासला आहे ते लिहावे लागते. दर वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत अंतर्गत रचना बदलू शकते, तेव्हा ती आवृत्ती आली की पोर्टेबल प्रतीवर स्क्रिप्ट पुन्हा चालवून पाहावी आणि मगच कचेरीतील संगणकावर नवी आवृत्ती बसवावी.