मूत्रपिंडाचा आजार आणि वाळवलेले मांस

आपल्या वस्तीत कोणाला मूत्रपिंडाचा, म्हणजेच किडनीचा, जुनाट आजार जडला की दवाखान्यातून पथ्याचा कागद मिळतो. त्यात वरण, भात, पोळी, भाजी असते. चान्या, सुकट, बोंबील यांचे नाव बहुधा नसते. डॉक्टर विचारीत नाहीत आणि आपण लाजेखातर सांगत नाही. पथ्य कागदावरच राहते.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेले तुकडे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या अशा अन्नाची नोंद केली आहे. ज्या अन्नावर आपल्या आईबापांनी टंचाईचे दिवस काढले, त्याची लाज कशाला? मात्र आजारी मूत्रपिंडाला ते का झेपत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

ताज्या मांसात सुमारे पाऊण भाग पाणी असते. वाळल्यावर पाणी जाते. प्रथिने, पोटॅशियम व फॉस्फरस तेवढेच राहतात. म्हणून मूठभर चान्या म्हणजे पुष्कळ मांस होय. त्यात मीठ लावलेले असेल, तर रक्तदाब व सूज वाढते. अशा रुग्णाने दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ घ्यावे. बँकेत जमा-खर्च पाहणाऱ्या आम्हाला वाटते, हा हिशेब घरोघरी मांडला जावा.

मुले आता मॉलमधून सॉसेज, सलामी, नगेट्स आणतात. त्यात मीठ तर असतेच, शिवाय अनेकदा फॉस्फेटही घातलेले असते. हे वरून घातलेले फॉस्फेट नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा अधिक प्रमाणात रक्तात शोषले जाते. पाकिटावर ३३९, ४५०, ४५१, ४५२ यांपैकी आकडा दिसला, तर ते पाकीट रुग्णासाठी घेऊ नये.

लक्षात ठेवावे असे :

१) रोजच्यासाठी ताजे मांस, मासे किंवा अंडे बरे, प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. डायलिसिसवरील रुग्णाला प्रथिने जास्त लागतात, इतरांना बेताची.

२) चान्या वा सुकट क्वचितच, थोडी खावी. आधी भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. रस्सा पिऊ नये. त्या दिवशी लोणचे, पापड वर्ज्य.

३) 'कमी सोडियम'चे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते. ते रक्तात वाढल्यास हृदय बंद पडू शकते.

पुढच्या वेळी घाटीत जा अथवा खाजगी दवाखान्यात, आठवडाभर घरात जे जे शिजले ते कागदावर लिहून न्या. चान्याही लिहा. खरे सांगितले तरच खरे पथ्य मिळेल. भोजनात मात्रा ओळखावी, हा उपदेश तथागतांनी कोसलराजा पसेनदीलाही केला होता. तो आपणांसही लागू आहे.