सत्य कशावरून ओळखावे?



धम्मदीक्षेनंतर पुष्कळ घरांत एक प्रसंग घडतो. देव्हारा काढला जातो आणि चार दिवसांनी मूल तापाने फणफणते. आजी म्हणते, "देव कोपला." सून म्हणते, "आत्याबाई, हे खोटे आहे." आजी विचारते, "खोटे कशावरून?" आणि सून गप्प बसते.

आजीच्या या प्रश्नाला हसू नका. सत्य कशावरून ओळखावे, हा तत्त्वज्ञानातला फार मोठा प्रश्न आहे. अमेरिकेतील काही विचारवंतांनी त्याचे एक उत्तर दिले. त्या विचाराला मराठीत फलप्रामाण्यवाद म्हणतात. तो आपण समजून घेऊ.

चार्ल्स पर्स यांनी १८७८ साली असे मांडले की, कोणत्याही कल्पनेचा अर्थ तिच्या प्रत्यक्ष परिणामांत असतो. हिरा कठीण आहे म्हणजे काय? तर पुष्कळशा वस्तूंनी त्याच्यावर ओरखडा उठत नाही. आता हीच कसोटी घरी लावा. "देव कोपला" असे मानले तर आपण काय करू? नवस बोलू, कोंबडे कापू. "पाणी दूषित आहे" असे मानले तर पाणी उकळू, मुलाला डॉक्टरकडे नेऊ. दोन समजुती, दोन मार्ग. कोणत्या मार्गाने आळीतील मुलांचे आजार कमी होतात, ते पाहता येते. मात्र एकाच घरावरून निर्णय करू नका. साधा ताप नवसाशिवायही उतरतो आणि नवसानंतरही उतरतो. अनेक घरे पाहावीत, अनेक वेळा पाहावे आणि चारचौघांत पाहावे.

विल्यम जेम्स यांनी १९०७ साली हाच विचार सत्याला लावला. जी कल्पना अनुभवात कामी येते, ती खरी, असे त्यांचे म्हणणे. येथे मोठा धोका आहे. कामी येते, पण कोणाच्या? अस्पृश्यता ज्यांच्या सोयीची होती, त्यांना ती समजूत फारच कामी येत होती. फुकट राबणारे हात मिळत होते आणि वर पुण्यही मिळत होते! मग ती खरी ठरली काय? जेम्स यांनाही असे म्हणायचे नव्हते. कल्पना इतर अनुभवांशी आणि सिद्ध झालेल्या सत्यांशीही जुळली पाहिजे, असे ते सांगत. तरीही त्यांच्या मांडणीवर बर्ट्रांड रसेल यांच्यासारख्यांनी कडक टीका केली. खुद्द पर्स यांनी १९०५ मध्येच आपल्या मताला वेगळे नाव देऊन ते निराळे ठेवले होते.

तिसरे विचारवंत जॉन ड्यूई. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा ड्यूई तेथे त्यांचे गुरू होते. पुढे १९५२ च्या जूनमध्ये मानाची पदवी स्वीकारण्यासाठी बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. आपल्या गुरूंना भेटण्याची त्यांना ओढ होती. परंतु १ जून रोजी ड्यूई यांचे निधन झाले. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांचे ऋणी आहोत, असे बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्रातून कळविले.

ड्यूई यांच्याकडून आपण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, नियम आणि तत्त्व यांतील फरक. नियम म्हणतो, "असेच कर." तत्त्व म्हणते, "काय करावे हे या कसोटीने ठरव." नियम पाळणारा यंत्रासारखा वागतो, तत्त्व पाळणाऱ्याला विचार करावा लागतो, म्हणून त्याच्यावर जबाबदारी येते. हाच फरक बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात जातिधर्माच्या चिकित्सेसाठी वापरला.

दुसरी, हवेसे वाटणे आणि हवे असण्याजोगे असणे यांतील फरक. मुलीच्या लग्नात बँड हवासा वाटतो, मोठी पंगत हवीशी वाटते. परंतु त्यासाठी काढलेले कर्ज फेडताना धाकट्याची शाळा सुटणार असेल, तर ते हवे असण्याजोगे आहे काय? परिणाम तपासून झाल्यावरच एखाद्या गोष्टीचे मूल्य ठरते.

आता मुख्य मुद्दा. परिणाम पाहावेत हे खरे; पण कोणावर होणारे परिणाम? या ठिकाणी बाबासाहेब ठामपणे उभे राहतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असे त्यात ते सांगतात. कारण चोरांच्या टोळीतही आपसात नीती असते, जातीतही असते. ती आतल्यांना जपते आणि बाहेरच्यांना लुटते. म्हणून हिशेबातून एकही माणूस वगळता येणार नाही. नियम तपासा, बदला. पण प्रत्येक माणूस मोजला जाईल, हे तत्त्व सोडू नका.

पंचशील याच दृष्टीने पाहा. ती कोणा देवाची आज्ञा नव्हे. ती शिक्षापदे आहेत, म्हणजे आपण स्वतः पत्करलेले शिक्षण आहे. मद्य सोडल्याने घरात काय बदलले, हे घरातील बाईला आणि मुलांना विचारा. खरी साक्ष त्यांची.

आणि हीच कसोटी स्वतःलाही लावा. देव्हाऱ्यातील मूर्ती गेली, तेथे बाबासाहेबांची तसबीर आली, पण तिच्यापुढे नवस तोच राहिला, तर काय बदलले? नाव बदलले; वागणे बदलले नाही.

तेव्हा सुनेने गप्प बसू नये. तिने प्रेमाने म्हणावे, "आत्याबाई, आधी पोराला दवाखान्यात नेऊ. मग शेजारच्या दहा घरी विचारू, कोण आजारी आहे आणि कोणत्या विहिरीचे पाणी पितात." आजीला सोबत न्यावे. तिचाही अनुभव मोजावा.

घरी सर्वांनी बसून या प्रश्नांवर चर्चा करावी :

१. आपल्या घरातील कोणती चाल केवळ "पूर्वीपासून आहे" म्हणून चालू आहे?

२. तिचा भार घरात कोणावर पडतो? त्या व्यक्तीला आपण कधी विचारले आहे काय?

३. दीक्षेनंतर आपल्या वागण्यात झालेला कोणता बदल शेजाऱ्याला दिसू शकेल?

जयभीम!